दहा मिनिटं

नाना पेठेत, जुनी बेअरिंगं किलोवर जातात त्या बोळात
दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज. पाटी नाही.
मिस्त्री बॉनेटला कान लावायचा
आणि सांगायचा: तिसरा व्हॉल्व्ह. खोकतोय.
डोळे मिटून सांगायचा.

माझी गाडी त्याच्यापुढं उभी राहिली
आणि बोललीच नाही.

"चालू आहे?"
"चालू आहे."
"मग आवाज?"
पुतणी म्हणाली, "चाचा, रेडी लिहिलंय बघा."
त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं,
आणि स्टुलावर जाऊन बसला,
पंगतीत आपलं पान मांडायचं राहून गेल्यासारखा.
तेव्हापासून माझी गाडी मेहजबीनची.

ती आधी तेल बघते.
डिपस्टिक ओढते, फडक्याला पुसते, पुन्हा बुडवते.
झाकणाच्या आतल्या बाजूला साय धरलेली.
"काका, तुम्ही फक्त पद्मावती ते मंडई जाता ना?"
"आणि बँकेत."
"इंजिन तापतच नाही तुमचं. अर्धा वेळ झोपलेलं,
उठतं तोवर घर येतं. आतली ओल उडणार कधी?
रविवारी दिवे घाट चढा. सासवडपर्यंत जाऊन या."
आणि डॉक्टरसारखी चिठ्ठीच लिहून दिली.

कूलंटच्या बाटल्या दोन.
एक इंजिनाची, एक इन्व्हर्टरची,
दोन्ही गुलाबी, प्रत्येकीची रेघ वेगळी.
नळाचं पाणी एकीतही घालायचं नाही,
पुण्याचं पाणी कितीही गोड असलं तरी.
ब्रेक ऑइल चार पावसाळ्यांची दमट हवा पिऊन
टपरीवरच्या चहाच्या रंगाचं झालेलं.
पॅड मात्र कोरे, आणि डिस्कवर तांबूस गंज.
"मोटरच गाडी थांबवते, ह्यांना काम उरत नाही."
"काम नाही की गंज येतोच," मिस्त्री स्टुलावरून म्हणाला.
आम्ही दोघांनी ऐकलं नाही असं केलं.

मग मागची सीट निघाली. नारिंगी केबली.
तिनं कोपरापर्यंत हातमोजे चढवले, प्लग उपसला
आणि स्वतःच्या खिशात टाकला.
"खिशात का?"
"माझा हात आत असताना कुणी परत लावायला नको."
मग मागं सरकली. काहीच करेना.
"आता?"
"दहा मिनिटं थांबायचं. तोडली तरी वीज आत उरते."

चहा आला. मी घड्याळ बघत बसलो.
एका सामाईक भिंतीपायी
दौलतवर फोन आपटला, त्याला अकरा वर्षं झाली.
सख्खा भाऊ. अजून नाव निघालं
की माझी कानशिलं तापतात.
दहा मिनिटं म्हणे.

तिनं मीटर लावला. शून्य. पुन्हा लावला. शून्य.
पंख्याच्या जाळीतून निघाला
पांढऱ्या केसांचा बोळा, मुठीएवढा.
"कुत्रं कुठल्या जातीचं?"
"मी कुत्रं पाळलंच नाही कधी."
गाडी जुनी घेतलेली, वानवडीच्या कुणा गृहस्थाकडून.
तीन वर्षं माझी बॅटरी
त्या अनोळखी केसांतून श्वास घेत होती
आणि मी मायलेजला नावं ठेवत होतो.

तेवढ्यात दस्तगीर उठला.
बोळा तळव्यावर घेतला, बोटांनी सैल केला, हुंगला.
"म्हातारं होतं," म्हणाला.
"खिडकीशी बसायचं. डाव्या."
डोळे मिटून.
मेहजबीन काही बोलली नाही. तिनं त्याचा चहा
ओतून टाकला आणि दुसरा मागवला, गरम.

परत येताना सेव्हन लव्हज चौकात सिग्नल लागला.
इंजिन आपणहून गप्प झालं.
चिठ्ठी डॅशबोर्डवर: रविवार. दिवे घाट. सासवड.
तिला काय माहीत, दौलत कुठं राहतो.
मी डाव्या खिडकीची काच थोडी खाली केली,
उगाच.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला.
गाडी न बोलता निघाली.